मेडिकल सेन्सर डेटा मायनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूतल्या मॉनिटरचे सिग्नल बघण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. कॉम्प्युटर शिकणारी मुलं, नवीन डॉक्टर, नर्सिंगवाले, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे खरी गोम आहे तिथे जास्त लिहिलंय.

मेडिकल सेन्सर डेटा म्हणजे नक्की कुठला डेटा?

पेशंटच्या अंगाला लावलेलं जे जे यंत्र स्वतःहून, न थांबता आकडे टाकत राहतं, त्याचा डेटा. छातीवरचा ईसीजी, बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर, धमनीत घातलेली, रक्तदाब सतत मोजणारी आर्टरी लाइन, व्हेंटिलेटर, इन्फ्यूजन पंप, मेंदूचे सिग्नल घेणारा डोक्यावरचा ईईजी. हॉस्पिटलबाहेर बघितलं तर होल्टर, ग्लुकोजचा सेन्सर, पेसमेकर, मनगटावरचं घड्याळ. हे काही कालपरवाचं नाही, नॉर्मन होल्टर यांनी अंगावर घेऊन फिरता येईल अशा ईसीजीची पद्धत १९६१ मध्ये छापून आणली होती. लॅबचे रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या नोंदी यात मोडत नाहीत, पण त्या शेजारी नसतील तर सेन्सरच्या आकड्याला काही अर्थ लागत नाही, ते पुढे येईलच.

सगळे प्रचंड डेटा, प्रचंड डेटा म्हणतात, म्हणजे किती?

हिशोब करून बघा. ईसीजीची एक लीड, म्हणजे एक रेघ, सेकंदाला २५० वेळा मोजली तर दिवसाचे आकडे होतात २ कोटी १६ लाख. एका आकड्याला दोन बाइट धरले तर साधारण ४३ एमबी, म्हणजे एक पेशंट, एक लीड, एक दिवस. ईईजीचे १९ चॅनेल सेकंदाला २५६ च्या वेगाने घेतले तर दिवसाला ४२ कोटी आकडे. आणि याच पेशंटच्या चार्टवर नर्सने तासाला एकदा हार्ट रेट लिहिला तर दिवसाचे आकडे किती, तर २४. आपल्या विषयाचं सगळं मर्म या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे, कारण बीट टू बीट जे काही घडतं ते त्या २४ मध्ये दिसतच नाही.

पण साठवायची अडचण आहे असं कुणी म्हणालं तर ते पटण्यासारखं नाही. २० बेडचा आयसीयू धरा, बेडमागे चार वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर सरकणाऱ्या चार लाटा, धरा, तरी वर्षाला सव्वा टेराबाइटच्या आसपास होतं. आजकाल ते एका डिस्कवर मावतं.

मग हॉस्पिटलं हा डेटा ठेवतात का?

बऱ्याच ठिकाणी नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. मॉनिटरच्या मेमरीत थोडे दिवस वेव्हफॉर्म राहतो आणि मग त्यावर नवीन लिहिलं जातं. तासाचा आकडा रेकॉर्डमध्ये जातो, बाकीचं पुसलं जातं. कारण तांत्रिक कमी आणि व्यवस्थेचं जास्त आहे, प्रत्येक कंपनीचा फॉरमॅट वेगळा, तो बाहेर काढायचं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यायचं, आणि ठेवून करणार काय याचं उत्तर त्या वेळी कुणाकडेच नसतं. एखादा पेशंट अचानक कोसळतो, आधीच्या सहा तासांत काय झालं ते बघायला जावं तर वेव्हफॉर्म गेलेला असतो.

मायनिंग मायनिंग म्हणता, करता काय नेमकं?

तीन टप्पे समजा, जरी कामात ते एकमेकांत मिसळलेले असले तरी. आधी कच्च्या लाटेतून घटना शोधायच्या, उदाहरणार्थ ईसीजीतून प्रत्येक ठोका. यासाठी जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांचा १९८५ चा अल्गोरिदम आजही लोक वापरतात: सिग्नल गाळायचा, त्याचा उतार काढायचा, वर्ग करायचा, थोड्या वेळाची सरासरी घ्यायची आणि उंबरठा सिग्नलप्रमाणे हलता ठेवायचा. इतकं साधं आहे आणि इतकं टिकलंय. मग त्या घटनांवरून वैशिष्ट्यं काढायची, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतंय, अचानक मंदावतंय का वगैरे. आणि शेवटी ती वैशिष्ट्यं पेशंटचं पुढे काय झालं त्याच्याशी जोडायची.

डीप लर्निंगमध्ये मधला टप्पा मशीन स्वतःच शिकतं. २०१९ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या एका कामात ५३,५४९ पेशंटचे ९१,२३२ सिंगल लीड ईसीजी वापरून हृदयाच्या लयीचे १२ प्रकार ओळखायला नेटवर्क शिकवलं होतं आणि ते कार्डिऑलॉजिस्टच्या तोडीचं निघालं. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या टीमने त्याहून चकित करणारी गोष्ट दाखवली, दिसायला नॉर्मल असलेल्या ईसीजीवरून या पेशंटला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय, होतं की नाही याचा अंदाज बांधता येतो. डोळ्याला न दिसणारं काहीतरी सिग्नलमध्ये असतं ही गोष्ट त्यामुळे मान्य करावी लागली.

सिग्नल खराब असतो म्हणतात, तो किती आणि कसा?

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते नव्वद टक्के शहाणपण याच प्रश्नात आहे आणि कोर्समध्ये नेमकं हेच शिकवत नाहीत.

पेशंट दात घासतो आणि ईसीजीवर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारखं, म्हणजे हृदयाच्या जीवघेण्या वेगवान लयीसारखं, दिसतं, इतकं सारखं की नवा माणूस धावत जाईल. छातीवर थापट्या मारून फिजिओथेरपी चालू असते तेव्हाही तसंच होतं. ज्या हाताला बीपीचा पट्टा त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर असेल तर पट्टा फुगला की रक्तप्रवाह थांबतो आणि ऑक्सिजनचा आकडा पडतो किंवा गायबच होतो, पेशंट मात्र मजेत असतो. आर्टरी लाइनमधून रक्ताचा नमुना काढताना नळीचा कॉक फिरवला की प्रेशरची लाट सपाट होते, नंतर फ्लश केलं, म्हणजे नळी दाबाने धुतली, की आकडा एकदम ३०० च्या घरात जातो. ट्रान्सड्यूसर, म्हणजे या लाइनचं प्रेशर मोजणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली सरकला तर बीपी साडेसात एमएमने जास्त दिसतं, बेड वरखाली केला की हे होतंच. श्वास मोजायला बहुतेक मॉनिटर ईसीजीचेच इलेक्ट्रोड वापरतात, छातीचा विद्युत अडथळा किती बदलतो त्यावरून, त्यामुळे श्वासनलिका बंद झालेली असली तरी छाती हलते आहे म्हणून मॉनिटर श्वास मोजत राहतो. हे शेवटचं खरंच धोक्याचं आहे.

मी सुरुवातीला एका प्रोजेक्टवर काम करत होतो, तिथे मॉडेलला एक जबरदस्त पॅटर्न सापडला, ठरावीक वेळी प्रेशर उडी मारतं आणि ज्यांच्यात ही उडी वारंवार दिसते ते पेशंट जास्त आजारी. आम्ही दोन आठवडे त्यामागचं शरीरशास्त्र शोधत बसलो होतो. मग एका सीनियर सिस्टरना प्रिंटआउट दाखवला, त्यांनी बघता क्षणी सांगितलं, अहो हा फ्लश आहे, सॅम्पल घेतलंय आम्ही. जास्त आजारी पेशंटची सॅम्पल जास्त वेळा घेतात, एवढंच मॉडेल शिकलं होतं. तेव्हापासून कुठलाही नवीन पॅटर्न दिसला की आधी तो बेडसाइडच्या माणसाला दाखवायचा हा माझा नियम आहे.

मग सगळं फिल्टर करून टाकलं की झालं ना?

नाही. फिल्टर केल्याने आकार बदलतो. मॉनिटर मोडमधला ईसीजी साधारण ०.५ ते ४० हर्ट्झमध्ये गाळलेला असतो, तर डायग्नोस्टिक ईसीजी ०.०५ ते १५० मध्ये. लाट खालीवर डोलू नये म्हणून पहिला ठीक आहे, पण त्यात एसटी सेगमेंट, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरचा लाटेचा भाग, वाकडा होऊ शकतो, आणि हार्ट अटॅक शोधायला आपण नेमकं तेच बघतो. बरं, पल्स ऑक्सिमीटरचा आकडा हा काही सेकंदांची सरासरी असतो आणि ती कशी काढायची हे कंपनीगणिक बदलतं, म्हणजे तुमच्या हातात "कच्चा" म्हणून जे येतं ते आधीच कुणीतरी शिजवलेलं असतं. आणि हलत्या हाताचा खराब झालेला सिग्नल फेकून दिला तर लक्षात ठेवा की तळमळणारा, घाबरलेला, झटके येणारा पेशंटच जास्त हलतो, तुम्ही नेमका तोच फेकलात. म्हणून मी खराब तुकडा पुसत नाही, त्यावर "खराब" अशी खूण ठेवतो आणि ती खूणसुद्धा मॉडेलला देतो.

वेळेच्या शिक्क्यात काय एवढं असतं?

खूप असतं. मॉनिटरचं घड्याळ वेगळं, व्हेंटिलेटरचं वेगळं, पंपाचं वेगळं, लॅबचं वेगळं, आणि औषध दिल्याची नोंद नर्स हातातलं काम आटपून मग करते. चार मिनिटांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण बीपी पडण्याआधी पाच मिनिटं काय झालं हे शोधायला निघालात की औषधाआधी परिणाम दिसायला लागतो. सगळी घड्याळं नेटवर्कवरून एकाच वेळेला बांधून घ्या, आणि जुना डेटा असेल तर एकच घटना दोन यंत्रांत कुठे दिसते ते शोधून फरक मोजा, उदाहरणार्थ ईसीजीतला ठोका आणि बोटावरची नाडी.

लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवायचं खरं उत्तर, कुठून आणायचं? कुणाला सेप्सिस झाला हे तर रेकॉर्डमध्ये असेलच की.

असायला हवं असं वाटतं, पण नसतं, म्हणजे असतं पण कधी झाला ते नसतं. सेप्सिसची २०१६ ची व्याख्या, जिला सेप्सिस थ्री म्हणतात, इन्फेक्शनचा संशय अधिक अवयवांचं बिघडणं अशी आहे, आणि डेटावर काम करताना संशय कधी आला हे बहुतेक वेळा कल्चर (जंतू शोधायची तपासणी) कधी पाठवलं आणि अँटिबायोटिक कधी सुरू केलं यावरून ठरवतात. म्हणजे डॉक्टरला शंका आली तो क्षण तुम्ही आजाराचा क्षण धरता. आता मॉडेलला इनपुट म्हणून अँटिबायोटिकची ऑर्डर किंवा लॅक्टेटची टेस्ट दिलीत तर डॉक्टरांना जे आधीच कळलंय तेच मॉडेल तुम्हाला परत सांगणार, आणि कागदावर ते भविष्यवाणी केल्यासारखं दिसणार. सेन्सरचा सिग्नल इथे मोलाचा आहे कारण त्याला डॉक्टरच्या शंकेची वाट बघावी लागत नाही.

माझं मॉडेल टेस्टमध्ये ९८ टक्के अचूक आलंय, पुढे काय करू?

आधी बघा की एकाच पेशंटचे तुकडे ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही गेलेत का. एका माणसाचा ईसीजी दहा सेकंदांचे तुकडे पाडून पत्त्यांसारखा पिसून वाटलात तर मॉडेल आजार शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. एमआयटी बीआयएच अरिथमिया डेटाबेसवर नवीन मुलं हे हमखास करतात, त्यात ४७ लोकांची अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग आहेत, सेकंदाला ३६० च्या वेगाने, लाखभर ठोक्यांवर खुणा केलेल्या. ठोके लाखभर असले तरी माणसं ४७ च आहेत हो. वाटणी माणसांची करा, ठोक्यांची नाही. जमलं तर वाटणी काळानेही करा, जुन्या वर्षांवर शिका आणि नंतरच्या वर्षांवर तपासा.

९५ टक्के अचूक म्हणजे चांगलंच की?

आजार किती जणांना आहे त्यावर ठरतं. १०,००० लोक घ्या, त्यातल्या १०० जणांना खरंच आजार आहे. टेस्ट आजारी माणूस ९५ टक्के वेळा पकडते आणि निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा बरोबर सोडते. पकडलेले खरे आजारी ९५. पण निरोगी ९,९०० मधले ४९५ सुद्धा पकडले. म्हणजे ५९० वेळा घंटा वाजली आणि खरी होती ९५ वेळा, साधारण सहातली एक. आणि हे एकदाच तपासलं तर, सेन्सर तर दर मिनिटाला तपासतो. डॉक्टरांशी बोलताना ही टक्केवारी सांगूच नका, एका शिफ्टमध्ये एका नर्सला किती वेळा बोलावणार आणि त्यातल्या किती वेळा खरंच काही असणार हे सांगा.

अलार्म फटीग म्हणजे काय?

इतके अलार्म की कान त्यांना ऐकणं सोडून देतात. बार्बरा ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या पाच आयसीयूंमध्ये ३१ दिवस मोजणी केली, बेड ७७. २०१४ मध्ये छापलेला आकडा असा की एकूण २५,५८,७६० अलार्म, आणि ऐकू येणारे धरले तर बेडमागे रोज १८७. लयीच्या गडबडीचे १२,६७१ अलार्म त्यांनी एकेक करून तपासले, त्यातले ८८.८ टक्के खोटे निघाले.

हे वाचून नर्स बेफिकीर असतात असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. दहातले नऊ खोटे असतील तर कुणाचाही मेंदू तेच करेल, आणि दहावा खरा असतो तेव्हा त्या माणसाला आयुष्यभर ते मनात घेऊन जगावं लागतं. म्हणून नवीन मॉडेल म्हणजे आणखी एक अलार्म असं असेल तर ते न आणलेलं बरं. आधी असलेले खोटे कमी करा. २०१५ ची फिजिओनेटची (वैद्यकीय सिग्नल खुले करणारी साइट) स्पर्धा याच विषयावर होती, ईसीजीत गडबड दिसली तर बोटावरची नाडी आणि आर्टरी लाइनची लाट एकत्र बघा, नाडी नीट चालू असेल तर हृदय थांबलेलं नाही. एकाच गोष्टीला दोन साक्षीदार, साधी कल्पना आहे आणि काम करते.

यातून खरंच कुणाचा जीव वाचलाय का, का नुसते पेपर?

वाचलाय. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कमी वजनाच्या बाळांचं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात रँडल मूरमन आणि पामेला ग्रिफिन यांच्या लक्षात आलं की इन्फेक्शन होणाऱ्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार आधीच मंदावतो आणि मधेमधे ठोके जरा वेळ हळू पडतात, बाळ बाहेरून आजारी दिसायच्या कितीतरी आधी. त्यावरून त्यांनी एक स्कोअर बनवला. मग ३,००३ बाळांवर चाचणी घेतली, स्कोअर सगळ्यांचा काढला पण दाखवला निम्म्यांचाच, आणि दाखवला तेव्हा काय करायचं याची सक्ती केली नाही. जिथे दाखवला नाही तिथे मृत्यू १०.२ टक्के, जिथे दाखवला तिथे ८.१. २०११ मध्ये हे छापून आलं. कुठलं नवीन औषध नाही, नवीन सेन्सरही नाही, जो सिग्नल मॉनिटरमध्ये येतच होता आणि पुसला जात होता त्यातलाच एक आकडा. नर्सने तो बघून एकदा जास्त वाकून बाळाकडे बघितलं असेल, डॉक्टरने कल्चर थोडं आधी पाठवलं असेल.

उलट बाजूही सांगतो. हार्ट फेल्युअरच्या पेशंटनी घरून रोज फोनच्या यंत्रणेवर लक्षणं आणि वजन कळवायचं असा अमेरिकेतला एक मोठा प्रयोग २०१० मध्ये छापून आला, १,६५३ पेशंट, फायदा काही दिसला नाही. आणि २०१८ मध्ये जर्मनीतला १,५७१ पेशंटचा प्रयोग आला, त्यात मात्र हॉस्पिटलमध्ये किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस ६.६४ टक्क्यांवरून ४.८८ वर आले. दोन्हीत बरेच फरक आहेत, पेशंट वेगळे, मोजमाप वेगळं, पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा की जर्मनीत पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेल्या होत्या आणि आकडा बिघडला की त्या लगेच पेशंटशी बोलत होत्या. आकडा गोळा झाला पण उचलला कुणी नाही तर त्याचा उपयोग शून्य.

एका हॉस्पिटलमध्ये चाललेलं मॉडेल दुसरीकडे चालतं का?

गृहीत धरू नका. खूप ठिकाणी बसवलेलं सेप्सिसचं एक व्यापारी मॉडेल मिशिगनच्या लोकांनी स्वतःच्या ३८,४५५ ॲडमिशनवर तपासलं, २०२१ मध्ये जामा इंटरनल मेडिसिनमध्ये आलंय, त्यात एयूसी (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) फक्त ०.६३ आला आणि सेप्सिसचे ६७ टक्के पेशंट सुटले, आणि तरीही ॲडमिट झालेल्यांपैकी १८ टक्क्यांवर घंटा वाजत होती. सेन्सरच्या बाबतीत आणखी कारणं येतात, मॉनिटरची कंपनी वेगळी, सरासरीची पद्धत वेगळी, अलार्मच्या मर्यादा वेगळ्या, एका ठिकाणी नर्समागे दोन पेशंट तर दुसरीकडे सहा. बसवण्याआधी काही महिने मॉडेल गुपचूप चालवा, आकडे काढा पण कुणाला दाखवू नका, आणि मग काय झालं असतं ते मोजा.

सेन्सर सगळ्यांवर सारखाच चालतो ना? यंत्राला काय भेदभाव कळतो?

यंत्राला कळत नाही, प्रकाशाला फरक पडतो. पल्स ऑक्सिमीटर साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवतो आणि किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन काढतो, ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७० च्या दशकात मांडलेली ही कल्पना फार सुंदर आहे. पण त्याचं कॅलिब्रेशन माणसांवर होतं, आणि कुठल्या माणसांवर झालं याने फरक पडतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये मायकेल स्योडिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतोय पण रक्तात ऑक्सिजन खरंच कमी आहे असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्या पेशंटच्या जवळजवळ तिप्पट वेळा होतं. अशा आकड्यांवर मॉडेल शिकवलं तर ही चूक मॉडेलच्या आत जाऊन बसते आणि नंतर कुणाला दिसतही नाही. त्वचेचा रंग, वय, थंड पडलेले हात, रक्तदाब कमी असणं, प्रत्येक गटासाठी चूक वेगळी मोजा, एकत्रित सरासरीत हे बुडून जातं.

स्मार्टवॉचच्या डेटावर डॉक्टरांनी विश्वास ठेवावा का?

कशासाठी त्यावर आहे. ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते, अनियमित नाडीची सूचना आली २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के. त्यांना ईसीजीचा पॅच पाठवला, तपासता येईल असा परत आला ४५० जणांचा, त्यातल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन दिसलं. ३४ ऐकून घड्याळ खोटं असं लगेच म्हणू नका, फिब्रिलेशन येतं जातं आणि पॅच नंतर लावला होता, पॅच अंगावर असताना घड्याळाने सूचना दिली तेव्हा ती ८४ टक्के वेळा बरोबर होती. पण यातून पेशंटला पुढे फायदा झाला का हे त्या अभ्यासाचं मोजमापच नव्हतं. घड्याळाची सूचना म्हणजे ईसीजी काढून घ्यायचं कारण, निदान नाही. आणि घड्याळाने काही सांगितलं नाही म्हणून छातीत दुखत असताना घरी बसू नका, हे मात्र ठळक सांगतो.

ग्लुकोजच्या सेन्सरचं काय?

दर पाच मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ आकडे, ईसीजीपुढे काहीच नाही, पण पेशंटच्या हातात सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो असं मला वाटतं. कारण आकडा थेट कृतीशी जोडलेला आहे. "टाइम इन रेंज", म्हणजे दिवसातला किती वेळ साखर ७० ते १८० मध्ये होती, हे माप पेशंटलाही कळतं आणि डॉक्टरलाही, आणि २०१९ च्या तज्ज्ञांच्या एकमताने बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांच्या वर असं लक्ष्य ठरलंय. एवढं लक्षात असू द्या की सेन्सर रक्तातली नाही तर पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो, ती रक्ताच्या थोडी मागे असते, साखर वेगाने पडत असेल तेव्हा हा उशीर महत्त्वाचा.

पेशंटची ओळख लपते का? नाव काढलं की झालं ना?

नाव काढून होत नाही. तारखा, वय, दुर्मिळ आजार, घड्याळातलं लोकेशन, सगळं मिळून माणूस ओळखता येतो, आणि ईसीजीचा आकारसुद्धा प्रत्येकाचा थोडाफार वेगळा असतो. मिमिक थ्री या आयसीयूच्या डेटाबेसमध्ये काय केलंय बघा, प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा एकाच अंतराने सरकवून २१०० ते २२०० या काळात नेल्यात पण दिवसाची वेळ, वार आणि साधारण ऋतू तसेच ठेवलेत, आणि ८९ च्या वरची वयं अशी बदललीत की ती ३०० च्या वर दिसतात. (हे न वाचता वयाची सरासरी काढणारे दरवर्षी भेटतात.) पेशंटने हा डेटा उपचारासाठी दिलाय, आपल्या पेपरसाठी नाही, त्यामुळे परवानगी, एथिक्स कमिटी, कोण बघतंय याची नोंद, यात कंटाळा चालणार नाही.

शिकायला खरा डेटा कुठे मिळेल?

फिजिओनेट, १९९९ पासून चालू आहे. ईसीजीची बरीच रेकॉर्डिंग कुणालाही उघडता येतात. मिमिकसाठी, म्हणजे बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरचा आयसीयू डेटा, आधी माणसांवरच्या संशोधनाचा एक छोटा कोर्स करावा लागतो आणि करारावर सही करावी लागते, तो त्रास घ्या. अनेक हॉस्पिटलं एकत्र हवी असतील तर ईआयसीयू, दोन लाखांच्या वर आयसीयू ॲडमिशन. हालचालीच्या सेन्सरसाठी यूके बायोबँक, एक लाखाहून जास्त लोकांनी आठवडाभर मनगटावर ॲक्सेलेरोमीटर घातला होता.

टूल्स कुठली शिकू?

पायथन आणि वेव्हफॉर्म वाचायची एखादी चांगली लायब्ररी, बास. त्यापेक्षा ईसीजी वाचायला शिका, आणि ज्या यंत्राचा डेटा वापरताय त्याचं मॅन्युअल वाचा, त्यात सरासरी किती सेकंदांची आहे ते लिहिलेलं असतं.

मॉडेल बसवलं, चालतंय, आता संपलं का काम?

आता सुरू झालं. मॉनिटरचं सॉफ्टवेअर अपडेट होतं आणि आकडे काढायची पद्धत कुणाला न सांगता बदलते. नवीन कंपनीचे प्रोब येतात. मॉडेल बघून डॉक्टर लवकर उपचार करायला लागतात, त्यामुळे ज्यांना धोका सांगितला होता ते बरे होतात, आणि नवीन डेटावर मॉडेल पुन्हा शिकवलं तर त्याला वाटतं की ती लक्षणं निरुपद्रवी होती. हे शेवटचं सोडवणं खूप अवघड आहे, त्यासाठी निदान मॉडेलने काय सांगितलं, कुणी बघितलं आणि मग काय केलं याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

आम्ही महिन्यातून एकदा वीस अलर्ट काढून बसतो, दहा खरे, दहा खोटे, आणि सोबत न पकडलेले जितके सापडतील तितके. वेव्हफॉर्म भिंतीवर लावतो, त्या शिफ्टला जी नर्स होती तिला बोलावतो आणि तेव्हा काय चाललं होतं ते विचारतो. मागच्या वेळी चार खोटे अलर्ट एकाच बेडचे निघाले, आणि तिथली केबल बदलायची होती.